पीपीटीची फाईल जड का होते? पाठवण्यापूर्वी आत काय आहे ते तपासा

जालना एमआयडीसी म्हटले की सळईच्या रोलिंग मिल, लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आणि बियाणे कंपन्या आठवतात. या परिसरात काम करणाऱ्या तरुणांना आज मशीनबरोबर कॉम्प्युटरही हाताळावा लागतो. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला कारखान्यात पीपीटी लागते, १४ एप्रिलला वस्तीत लागते. कामगारांचे प्रश्न घेऊन अधिकाऱ्यांसमोर जाणारे कार्यकर्तेही आता निवेदनासोबत पीपीटी जोडतात.

अशा वेळी एक अडचण हमखास येते. स्लाईड जेमतेम १५, पण फाईल ९० एमबी! जीमेलवर जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी असल्याने ती मेलने जोडून जात नाही. मग घाईघाईत फोटो काढून टाकले जातात, नेमके पुरावेच गळतात. म्हणून हे कसे घडते ते समजून घेऊ.

फाईल म्हणजे एक गाठोडे

२००७ पासून वापरात असलेली ‘पीपीटीएक्स’ फाईल प्रत्यक्षात एक झिप फाईल असते. तिची एक प्रत काढा, नावाच्या शेवटचे ‘पीपीटीएक्स’ काढून ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत ‘पीपीटी’ नावाचे फोल्डर दिसेल. त्यातील ‘मीडिया’मध्ये फोटो आणि व्हिडिओ असतात, ‘एम्बेडिंग्ज’मध्ये एक्सेलसारख्या जोडलेल्या फाईली असतात. आकारानुसार क्रम लावला की जागा कोणी व्यापली ते लगेच कळते. मजकुराचे वजन नगण्य असते. शंभर ओळी वाढवल्या तरी फाईल फारशी वाढत नाही.

मुख्य कारणे

पहिले कारण मोबाईलचे फोटो. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. फुल एचडी प्रोजेक्टर मात्र १९२० बाय १०८० एवढेच ठिपके दाखवतो, म्हणजे जवळपास सहावा हिस्सा. स्लाईडवर फोटो ओढून लहान केला तरी तो फक्त दिसायला लहान होतो.

दुसरे कारण क्रॉप. फोटोचा कापलेला भाग नजरेआड होतो, पण फाईलमध्ये तसाच राहतो.

तिसरे कारण एक्सेलचा तक्ता. तक्ता पेस्ट करताना ‘एम्बेड वर्कबुक’ निवडले, तर त्या तक्त्यासोबत संपूर्ण वर्कबुक, सर्व शीटसह, पीपीटीत शिरते.

याशिवाय व्हिडिओ, दुसऱ्यांच्या पीपीटीतून स्लाईड घेताना सोबत आलेले नको असलेले स्लाईड मास्टर आणि फाईलमध्ये जोडलेले फॉन्ट हेही वजन वाढवतात. मराठीसाठी निर्मला किंवा मंगल हे विंडोजमधील युनिकोड फॉन्ट वापरले, तर विंडोजच्या कॉम्प्युटरवर दाखवण्यासाठी सहसा फॉन्ट जोडण्याची गरज पडत नाही.

हा केवळ एमबीचा प्रश्न नाही

कार्यकर्त्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. समजा, तुम्ही भट्टीवरील कामगारांची पाहणी केली. एक्सेलमध्ये नाव, मोबाईल नंबर, ठेकेदार, पगार, जात आणि तक्रार असे रकाने आहेत. पीपीटीत तुम्ही फक्त एक आलेख दाखवला: किती जणांना हातमोजे मिळतात, किती जणांना नाही. वर्कबुक आत राहिले असेल, तर फाईल मिळालेला कोणीही त्या आलेखावर राईट क्लिक करून ‘एडिट डेटा’मधून पूर्ण यादी वाचू शकतो. तक्रार कोणी केली हे ठेकेदाराला कळले, तर दुसऱ्या दिवशी त्या कामगाराला गेटवरूनच परत पाठवले जाऊ शकते.

फोटोचेही तसेच. जखमी हात दाखवून चेहरा क्रॉप केला, तरी क्रॉप परत उघडता येतो. चेहऱ्यावर काळा चौकोन ठेवला, तर तो बाजूला सरकवता येतो. ज्यांनी विश्वासाने माहिती दिली, त्यांची ओळख जपणे हे आपलेच काम आहे.

उपाय, क्रमाने

१. आधी मूळ फाईलची प्रत वेगळी ठेवा. कॉम्प्रेस करून सेव्ह केलेले फोटो पुन्हा पूर्ववत होत नाहीत.

२. कोणताही फोटो निवडून ‘पिक्चर फॉरमॅट’मधील ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ उघडा. ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’ची खूण काढा, ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’ची खूण ठेवा. १५० पीपीआय निवडा. प्रोजेक्टरसाठी ते पुरते.

३. चेहरा झाकायचा असेल, तर तो मोबाईलवरच फोटोतून कापून किंवा रंगवून सेव्ह करा आणि मग ती नवी प्रत स्लाईडवर घ्या.

४. आलेख एक्सेलमधून कॉपी करा आणि पेस्ट करताना ‘पिक्चर’ हा पर्याय निवडा. वजनही घटते, यादीही बाहेर जात नाही.

५. ‘व्ह्यू’मधील ‘स्लाईड मास्टर’मध्ये जाऊन न वापरलेले मास्टर आणि लेआऊट काढा.

६. व्हिडिओ असेल, तर विंडोजवर ‘फाईल’, ‘इन्फो’, ‘कॉम्प्रेस मीडिया’ हा मार्ग आहे.

७. ‘इन्फो’मध्येच ‘चेक फॉर इश्यूज’खाली ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ आहे. लेखकाचे नाव, कॉमेंट, स्लाईडखालच्या नोट्स त्यातून सापडतात आणि काढता येतात.

ज्यांच्याकडे पॉवरपॉईंट नाही, त्यांनी मोफत मिळणारे लिब्रेऑफिस वापरावे. त्याच्या इम्प्रेसमध्ये ‘टूल्स’खाली ‘मिनिमाइझ प्रेझेंटेशन’ आहे.

शेवटी फाईलची एक प्रत पुन्हा झिप करून ‘मीडिया’ आणि ‘एम्बेडिंग्ज’ पाहा. एक्सेलची फाईल अजून आत दिसली, तर पाठवू नका. समोरच्याला केवळ वाचायचे असेल, तर सफाई झाल्यावर पीडीएफ करून द्या.

मंडळात, संघटनेत किंवा वसतिगृहात जो कॉम्प्युटर सांभाळतो, त्याने एवढी तपासणी अंगवळणी पाडावी आणि दोघा-चौघांना शिकवावी. पाच मिनिटांचे हे काम एखाद्याची रोजी-रोटी वाचवू शकते.