‘इट’ने बसायचे कुठे?

इंग्रजीतले लांबलचक शब्द अवघड, असा आपल्याकडे एक जुना समज आहे. दहा-बारा अक्षरी शब्द घडाघडा म्हणणारा मुलगा पाहुण्यांसमोर उभा केला जातो आणि कौतुक करून घेतो. पण अनेक वर्षे इंग्रजी शिकवल्यावर माझे मत अगदी उलट झाले आहे. ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘डिस्कार्ड’ हे शब्द आपल्या माणसाला अडवत नाहीत. तो अडतो तो ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ओव्हर’ या चिमुकल्यांपाशी. इंग्रज माणूस घरात बोलताना पुढे ढकलण्याला ‘पुट ऑफ’ म्हणतो, चालवून घेण्याला ‘पुट अप विथ’ आणि फेकून देण्याला ‘थ्रो अवे’. आपल्याला कचेरीतले इंग्रजी येते. स्वयंपाकघरातले येत नाही.

ही अडचण काही आपल्या एकट्याची नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच त्याने म्हणून ठेवले, की क्रियापदामागे असा छोटा शब्द लागला की अर्थ बदलतो आणि परक्या माणसाची त्यात सर्वांत जास्त त्रेधा उडते. या जोड्यांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव रूढ झाले ते मात्र बरेच नंतर. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५च्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरले आणि ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे नमूद केले.

माझ्या संध्याकाळच्या वर्गात साठीच्या एक काकू येत असत. लेकीच्या बाळंतपणासाठी त्यांना इंग्लंडला जायचे होते. तिथे बाळंतिणीला आणि बाळाला तपासायला सुईण घरी येते. काकू म्हणाल्या, “सर, ती जे सांगेल ते मला नीट कळलं पाहिजे. बाळाच्या बाबतीत अंदाजपंचे चालत नाही.” आणि मग त्यांनी वही उघडून नेमका प्रश्न विचारला. “‘पिक अप द बेबी’ बरोबर. ‘पिक द बेबी अप’ही बरोबर. मग ‘पिक हिम अप’ बरोबर आणि ‘पिक अप हिम’ चूक, असं का? बरं, ‘लुक आफ्टर हिम’मध्ये तोच ‘हिम’ शेवटी बसलेला कसा चालतो?”

याचे उत्तर आपल्या मराठीतच सापडते. ‘त्याच्याकडे बघ’ या वाक्यात ‘कडे’ कोणाचा? ‘तो’चा. त्याला तिथून हलवता येत नाही. ‘त्याला उचलून घे’मधला ‘घे’ कोणाचा? ‘उचलणे’ या क्रियेचा. इंग्रजीतले हे छोटे शब्दही असेच दोन पक्षांत वाटलेले आहेत, काही नामाकडचे, काही क्रियापदाकडचे. ‘लुक ॲट हिम’मधला ‘ॲट’ आणि ‘लुक आफ्टर हिम’मधला ‘आफ्टर’ हे नामाकडचे. म्हणून ते ‘हिम’ला कधी सोडत नाहीत. ‘पिक अप’मधला ‘अप’ क्रियापदाकडचा. म्हणून दोघांच्या मध्ये दुसरे कोणी बसू शकते.

कोण कोणत्या पक्षाचा हे ओळखायचे कसे? एखादे नाम मध्ये बसवून पाहावे. ‘टर्न द लाइट ऑफ’ चालते, म्हणजे सर्वनामही मध्येच बसणार: ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक द बेबी आफ्टर’ चालत नाही, म्हणजे सर्वनाम शेवटी. कानालाही फरक कळतो. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो, ‘लुक ॲट इट’ म्हणताना ‘ॲट’ नुसता गिळल्यासारखा निघून जातो.

पण नामाला दोन्ही जागा मोकळ्या आणि सर्वनामाला एकच, हा अन्याय का? इंग्रजी वाक्यात नवी आणि वजनदार गोष्ट शेवटाकडे ठेवण्याची प्रवृत्ती आहे. ‘इट’ किंवा ‘हिम’ म्हणजे दोघांनाही आधीच ठाऊक असलेली, हलकी वस्तू. तिला शेवटची मानाची जागा कशाला? उलट नामाची शेपूट लांबली, ‘काल आजोबांनी बाजारातून आणलेला तो निळा दिवा’ असे काही झाले, की ते ओझे ‘टर्न’ आणि ‘ऑफ’च्या मध्ये मावत नाही, ते शेवटी जाते.

जागा बदलली की कधी कधी अर्थही पार पालटतो. ‘सी हिम थ्रू’ म्हणजे अडचणीतून पार पडेपर्यंत त्याला साथ देणे. ‘सी थ्रू हिम’ म्हणजे त्याचे ढोंग ओळखणे! आणि ‘डोन्ट टेक इट आउट ऑन मी’, म्हणजे ‘माझ्यावर राग काढू नकोस’, या एका वाक्यात दोन्ही नियम नांदतात. ‘आउट’ क्रियापदाचा, म्हणून ‘इट’ त्याच्या आधी. ‘ऑन’ सर्वनामाचा, म्हणून ‘मी’ त्याच्यानंतर.

हा सगळा प्रकार आपल्याला परका वाटायचे खरे तर कारण नाही. ‘हृ’ या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार असे किती वेगळे शब्द झाले! ही उपसर्गांची किमया. पाणिनीने हे उपसर्ग धातूच्या आधी येतात असे सांगितले, पण वेदांच्या भाषेत ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द घालून दूरही राहतात, हेही लगेच नोंदवले. जर्मन भाषेत तर आजही क्रियापदाचा असा तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो.

तरीही शिकणारे या जोड्या टाळतात. हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी डागुट आणि लॉफर यांनी १९८५ साली हेच दाखवले होते. त्यांच्या भाषेत असा प्रकार नाही, म्हणून ते एकशब्दी क्रियापदाकडे वळत. आपणही तेच करतो. बोलताना एक वेळ ते निभते, पण ऐकताना शब्द आपल्या हातात नसतात. समोरचा ‘पुट ऑफ’ म्हणाला, तर तेच समजून घ्यावे लागते.

काकूंसाठी मी एक वाक्य निवडले होते: ‘पुट हिम डाउन ऑन हिज बॅक’. ‘डाउन’ क्रियापदाचा, ‘ऑन’ पाठीचा. अर्थ, बाळाला उताणे झोपवा. इंग्लंडमध्ये १९९१ साली याच सल्ल्याची मोठी मोहीम झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्या बाळांची संख्या झपाट्याने घटली. आपल्या अनेक आज्या मात्र बाळ पालथे छान झोपते असे मानत आलेल्या. अशा वेळी त्या सहा छोट्या शब्दांची किंमत काय, हे वेगळे सांगायला नको.

काकूंनी ते वाक्य वहीत लिहिले, ‘डाउन’खाली एक आणि ‘ऑन’खाली दोन रेघा मारल्या आणि विचारले, “आणि रडायला लागला तर?”

“पिक हिम अप,” मी म्हणालो.

“ते येतं मला,” काकू म्हणाल्या, “‘हिम’ मध्ये.”