पदवी आणि नेतृत्व

व्यवस्थापनशास्त्राची पदवी संपादन केली म्हणजे मोठी संस्था चालविण्याची पात्रता अंगी येते काय? सातारा व सांगली जिल्ह्यांचा इतिहास या प्रश्नावर उद्बोधक प्रकाश टाकतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी विक्रेते म्हणून किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव भ्रमंती केली. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. वसंतदादा पाटील यांचे शालेय शिक्षण अल्प होते. तरीही सांगलीचा सहकारी साखर कारखाना त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला व १९७७ साली ते मुख्यमंत्री झाले.

यावरून शिक्षण निरुपयोगी ठरत नाही. विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांचा मार्ग १९८३ साली दादांच्याच शासनाने मोकळा केला.

सहकारी साखर कारखान्यात अध्यक्ष हा निवडून आलेला, तर कार्यकारी संचालक हा वेतन घेणारा अधिकारी असतो. साखरेचा उतारा, उत्पादनखर्च व कर्जावरील व्याज यांचा हिशेब प्रशिक्षणाने साधतो. परंतु दुष्काळी वर्षी कोणाचा ऊस आधी तोडावा, कमी दर सभासदांना कसा पटवावा, हे शहाणपण सभासदांत वावरूनच येते. उलटपक्षी, ज्याला ताळेबंद वाचता येत नाही, तो अध्यक्ष पुढे येईल त्या कागदावर स्वाक्षरी करतो. नुकसान मात्र ऊस उत्पादकाचे होते.

ग्रामपंचायतीलाही हेच लागू पडते. लोकांचा विश्वास पदवीने मिळत नाही. मिळालेला विश्वास सार्थ करावयाचा, तर हिशेबाचे ज्ञान हवेच.