संगणकाचा रोग आणि त्याची चिकित्सा

‘व्हायरस’ हा शब्द शिक्षकबंधुभगिनींना आरोग्यशास्त्राच्या पाठातून परिचित आहे. संगणकाच्या बाबतीतही तो योजिला जातो, व ती केवळ अलंकारिक भाषा नव्हे. आज्ञांचा एक लहानसा समूह दुसऱ्या प्रोग्राममध्ये शिरतो, स्वतःची नक्कल करतो आणि एका यंत्रातून दुसऱ्यात पसरतो. अमेरिकेत १९८३ साली फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने हे प्रयोगाने सिद्ध केले. त्यास हे नाव सुचविणारे त्याचे प्राध्यापक लेनर्ड एडलमन हे १९७७ च्या आरएसए या गुप्तलेखन पद्धतीच्या तीन जनकांपैकी एक होत. त्या पद्धतीवर पुढे व्यवसायही उभा राहिला.

महाराष्ट्रात मात्र या विद्येचा सर्वपरिचित उद्योग प्राध्यापकाच्या अभ्यासिकेतून नव्हे, तर दुरुस्तीच्या दुकानातून निघाला. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुण्यात ते कॅलक्युलेटर दुरुस्त करीत व पुढे संगणकांकडे वळले. धाकटे बंधू संजय यांनी संगणकशास्त्र शिकावे, हा आग्रह त्यांचाच. दुरुस्तीस येणारी यंत्रे वारंवार व्हायरसनेच बिघडलेली आढळत. संजय यांनी त्यांवर उपाय लिहिण्यास आरंभ केला. त्यातून १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले, आणि २०१६ मध्ये कंपनीचे समभाग शेअर बाजारात दाखल झाले. थोरल्याने हाताने ओळखलेला दोष धाकट्याने शास्त्राने सोडविला. वर्गात सांगण्याजोगा भाग हाच.

त्या काळचा ‘मायकेलअँजेलो’ व्हायरस फ्लॉपीवाटे शिरे, वर्षभर निपचित पडून राही आणि ६ मार्च रोजी संगणक सुरू करताच त्यातील माहिती पुसून टाकी. ५ मार्चपर्यंत मालकास कशाचीही कल्पना नसे! अशा प्रत्येक व्हायरसमध्ये आज्ञांचा एक विशिष्ट क्रम असतो. प्रतिबंधक प्रोग्राम हे क्रम नोंदवून ठेवतो व प्रत्येक फाइल त्यांच्याशी ताडून पाहतो. गुन्हेगाराच्या बोटांचे ठसे पडताळावेत, तसेच हे. यास्तव नोंदवही जुनी झाली की नवा चोर सहज सुटतो. आता संशयास्पद वर्तनावरूनही तपास होतो. तथापि सर्व व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्राम असूच शकत नाही, हे कोहेन यांनी गणिताने दाखवून ठेवले आहे.

फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला. मंडणगडपासून राजापूरपर्यंत केंद्रशाळेतून वाडीवरील शाळेत माहितीपत्रके त्यातून नेली, तर व्हायरसही त्याच वाटेने जाऊ शकतो. म्हणून पेनड्राइव्ह उघडण्यापूर्वी तो तपासून घ्यावा आणि प्रतिबंधक प्रोग्राम अद्ययावत ठेवावा. परंतु शाळेचा पासवर्ड दुकानातील संगणकावर तसाच राहिला, अथवा दूरध्वनीवर कोणास ओटीपी सांगितला, तर तेथे या प्रोग्रामचा इलाज चालत नाही. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक त्या पासवर्डमागे असतात. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढील खात्यांत वळविली जाण्यापूर्वी ती रोखता येण्याचा संभव त्यामुळे वाढतो.