वायद्याचा पैलवान

कॉटन ग्रीन स्टेशनवर उतरून हिरवळ शोधणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. नावात 'ग्रीन' असले तरी इथे दिसतात ती गोदामे, मालमोटारी आणि जुन्या कॉटन एक्स्चेंजची भव्य इमारत. ही हिरवळ मूळची कोटातली. आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे, तिथल्या मैदानात एके काळी कापसाच्या गासड्या रचलेल्या असत. 1844 साली तो बाजार कुलाब्याला गेला आणि पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीजवळच्या भरावावर आला. कापसाबरोबर नावही आले. हिरवळ तेवढी मागे राहिली!

या बाजारात वायदा चालत असे. वायदा म्हणजे उद्या येणाऱ्या मालाचा आज ठरवलेला भाव. भाव चढला तर एकाचा फायदा, उतरला तर दुसऱ्याचा; गासडीला त्याचे सुखदुःख नसते. मी याच परिसरात मराठी शिकवतो, पण या शब्दाचा खरा अर्थ मला शब्दकोशाने नव्हे, एका पैलवान विद्यार्थ्याने शिकवला.

साताऱ्याकडचा हा मुलगा काळाचौकीला चुलत्यांकडे राहायला आला. चुलते धान्याच्या गोदामावर माथाडी. गावची जत्रेतली मैदाने मारून आलेला पुतण्या त्यांनी आमच्या महाविद्यालयात आणला, तो हाताला धरूनच. "मास्तर, पोरगं तुमच्या पदरात घातलंय," एवढेच ते म्हणाले. जिमखान्याच्या समितीवर मी होतो. मुलाची फी माफ झाली, खुराकासाठी दरमहा काही रक्कम ठरली, आणि एका कागदावर त्याची व माझी सही झाली. त्या कागदावर 'दरवर्षी कामगिरी पाहून नूतनीकरण' असे एक वाक्य होते. वाक्यांचे पृथक्करण करणे हा माझा धंदा. पण ते वाक्य मी नुसते वाचले आणि सोडून दिले.

महाविद्यालयांना पैलवान का हवा असतो, हे वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. क्रिकेटच्या संघाला अकरा जण लागतात, कबड्डीला सात. कुस्तीत एका मुलाची फी माफ केली की एक पदक येण्याची आशा धरता येते. पदक आले की नाव झाले, नाव झाले की पुढच्या जून महिन्यात प्रवेशाला गर्दी. मुलाचीही गरज तितकीच खरी. दूध, तूप, बदाम यांचा खर्च मजुराच्या घराला पेलत नाही. शिवाय 2005 सालापासून महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. तेव्हा पदवी आणि प्रमाणपत्र ही दोन्ही हातात असली की पोलिसात किंवा एखाद्या खात्यात पाय रोवता येतो. दोघांनाही एकमेकांची गरज, म्हणून हा सौदा जुळतो. त्यात वाईट काही नाही.

पूर्वी या भागातल्या पैलवानाला कॉलेजची वाट धरावी लागत नसे. सातारा-कोल्हापूरकडची माणसे गिरणीत कामाला येत, गावकीच्या खोलीत राहत, खानावळीत जेवत आणि पाळी संपली की तालमीत उतरत. गावचा मल्ल आला की त्याचा खुराक चार जणांच्या पगारातून निघे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला आणि हा संसार मोडला तो मोडलाच. पैलवानाला पोसणारे हातच रिकामे झाले. आता पैलवान पोसतात ती खाती, संस्था आणि विद्यापीठे. आणि त्यांचा हिशेब कागदावर असतो.

विद्यापीठांचा हा बाजार आता चांगलाच पसरला आहे. सगळ्या खेळांत मिळून वरचढ ठरणाऱ्या विद्यापीठाला 1956-57 सालापासून मौलाना आझाद करंडक मिळतो. त्यासाठी चुरस वाढली, आणि पंजाबातली खाजगी विद्यापीठे चांगल्या खेळाडूंना फी माफ करून बोलावू लागली. सरकारनेही 2018 साली 'खेलो इंडिया'तून निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला 5 लाख रुपये, तेही आठ वर्षांपर्यंत, खर्च करण्याची योजना आणली. मात्र तिथेही कामगिरी घसरली की यादीतून नाव गळू शकते.

आमच्या मुलालाही पहिल्या वर्षाच्या शेवटी उत्तरेकडून बोलावणे आले. फी नाही, राहणे-जेवण फुकट, गादीवरचा सराव. तो मला विचारायला आला. मी मोठ्या अधिकाराने म्हणालो, "अरे, इथेच राहा. मराठी घेऊन बी. ए. हो. आम्ही आहोत ना!"

'आम्ही आहोत ना' हे मराठीतले सर्वांत स्वस्त वाक्य आहे, हे मला पुढच्याच वर्षी कळले.

दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, सरावात त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी वर्षभर कुस्ती बंद सांगितली. यथाकाल समितीपुढे नूतनीकरणाचा विषय आला. कोणी दुष्टपणा केला नाही. कोणी आवाजही चढवला नाही. "जागा मर्यादित आहेत, दुसरा एक चांगला मुलगा आला आहे," एवढेच बोलणे झाले. कागद माझ्यापुढे आला आणि मी सही केली.

घरी सांगितले, तेव्हा सौ. म्हणाली, "आणि त्या पोराला इथेच राहा म्हणून सांगणारे कोण?" त्या रात्री जेवण गोड लागले नाही.

हे दुखणे आपल्याच देशातले आहे, असे समजू नका. अमेरिकेत शाळा-कॉलेजची कुस्ती जोरात चालते. तिथल्या वरच्या श्रेणीत वजनगट दहा, आणि एका महाविद्यालयाला देता येणाऱ्या शिष्यवृत्त्या 9.9 अशी मर्यादा बरीच वर्षे होती. तालीम मोठी आणि ताट लहान. म्हणून वस्ताद एकेका शिष्यवृत्तीचे तुकडे करून मुलांत वाटत. 2025 साली कोर्टातल्या तडजोडीनंतर ती मर्यादा गेली आणि त्या जागी संघात तीसच मल्ल ठेवण्याची अट आली. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. 1973 साली तिथे नियम झाला की शिष्यवृत्ती एका वेळी एकाच वर्षाची द्यायची. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा पुन्हा मिळाली ती 2012 साली. आणि खेळ उतरला म्हणून शिष्यवृत्ती काढू नये, हे तिथल्या बड्या विद्यापीठांनी मान्य केले 2015 साली. पैसा उदंड असलेल्या देशालाही एवढी साधी गोष्ट पटायला चाळीसहून अधिक वर्षे लागली!

आणि आपल्याला? आपल्याला ती फार पूर्वी ठाऊक होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 साली विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, पुढे खासबागेत कुस्तीचे मैदानही बांधले. पाटीवर लिहिणारा हात आणि लंगोट कसणारा हात, दोन्हींना त्यांच्या दरबारी आश्रय होता.

त्याच कोल्हापुरात राजाराम कॉलेजात गोळेश्वरचा एक मुलगा शिकत होता. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. पुढच्या ऑलिंपिकला, हेलसिंकीला, जायला पैसे नव्हते. तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. 1952 च्या जुलैत खाशाबा जाधवांनी तिथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून प्राचार्यांचे घर सोडवले, असे सांगतात.

ही गोष्ट आपण मुलांना खाशाबांच्या कौतुकासाठी सांगतो. मला आता तिच्यात प्राचार्य अधिक दिसतात. हेलसिंकीत खाशाबांचा गुडघा गेला असता तर? खाशाबांचे पदक गेले असते; पण घर गेले असते ते खर्डेकरांचे. जोखीम देणाऱ्याने आपल्या अंगावर घेतली होती. आमच्या कागदात मात्र देणाऱ्याचे काहीच जाणार नव्हते. सारा तोटा त्या पोराच्या गुडघ्याच्या वाटीवर लिहिलेला होता. शिष्यवृत्ती या शब्दात आधी शिष्य आहे, मग वृत्ती, म्हणजे उपजीविका. शिष्याला वगळून उरतो तो वायदा; आणि आमच्या वायद्यात नुकसान सोसायचे होते ते गासडीनेच.

आठ दिवसांनी चुलते आले. मी पाकीट तयार ठेवले होते. स्वतःची फी भरून मन मोकळे करावे, असा हिशेब. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "मास्तर, पोराचा गुडघा मोडलाय, डोकं न्हाई मोडलं. फी मी भरीन. तुमी त्याला वर्गातनं काढू नगा."

वर्गातून कोण काढणार होते? पण त्यांच्या बोलण्यात मला माझेच चित्र दिसले. आम्ही त्या मुलाचे नाव हजेरीपटावर ठेवले होते, पण विद्यार्थी म्हणून त्याला कधी मोजलेच नव्हते.

पुढच्या बैठकीत मी उठून ते वाक्य वाचून दाखवले आणि ते बदलावे असे सुचवले: ज्याला घेऊ, त्याला पदवीची तिन्ही वर्षे फी माफ, मग तो जिंको, हरो वा जायबंदी होवो, अट एकच, वर्गात बसायचे आणि परीक्षा द्यायची. वाद झाला. "मग मुले आळशी होतील," असे कोणी म्हणाले. मी विचारले, "आपण प्राध्यापक दरवर्षी पदक आणून नोकरी टिकवतो का?" हशा पिकला आणि ठराव अर्धा मंजूर झाला: पाच मुलांऐवजी दोघांना, पण पुरी तीन वर्षे. त्या दोघांत त्याचे नाव आले. चुलत्यांनी भरलेली फी परत मिळाली. ती घ्यायला मात्र त्यांना दोनदा निरोप धाडावा लागला.

यंदा तो बी. ए. झाला. गुडघा पूर्वीसारखा होणार नाही. संध्याकाळी तो लहान मुलांना तालमीत डाव शिकवतो. परवा सहज डोकावलो, तर एका चिमुरड्याला सांगत होता, "पडलास तरी चालेल, उद्या परत यायचं."

मी दारातूनच परतलो. हे वाक्य त्या कागदावर मी पहिल्या दिवशीच लिहायला हवे होते.