गाडीचा जन्म कोणत्या सालचा?

माझा वाढदिवस कागदोपत्री १ जूनला येतो. माझाच कशाला, वर्गातल्या निम्म्या मुलांचा त्याच दिवशी येई. आईला एवढंच आठवत होतं, की त्या साली पाऊस उशिरा आला होता. गुरुजींनी दाखल्यावर १ जून लिहिलं आणि आम्ही शाळेत बसलो. नोकरीला लागलो ते याच तारखेवर, निवृत्त होईन तोही याच तारखेवर.

मंडळी, जुन्या मोटारसायकलींच्या नशिबीही असे गुरुजी येतात. न्यूजर्सीत राहणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामू, एक जुनी होंडा सीबी ७५० मिळतेय. विकणारा म्हणतो १९६९ ची आहे. कागदावर मात्र १९७४ आहे. खरं काय मानू?" ऐन तारुण्यात मी जुनी राजदूत ३५० फिरवली होती, म्हणून घरात गाड्यांचा जाणकार मीच!

प्रश्न किरकोळ नव्हता. ही होंडा ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात प्रथम दिसली आणि १९६९ मध्ये बाजारात आली. चार सिलिंडरचं इंजिन, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, आणि हे सगळं सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी. तिच्या अगदी पहिल्या, सुमारे ७,४०० गाड्यांच्या इंजिनाचं बाहेरचं कवच खरबरीत असे. शौकीन त्यांना 'सँडकास्ट' म्हणतात आणि नंतरच्या गाड्यांच्या कितीतरी पट पैसे मोजतात. म्हणजे सालात चूक झाली, की खिशाला खड्डा पडलाच.

मग खरं साल शोधायचं कुठे? पहिली गोष्ट, कागद बाजूला ठेवायचा. त्या काळी अमेरिकेतल्या काही राज्यांत गाडी ज्या वर्षी विकली, तेच वर्ष कागदावर चढत असे. दुकानात दोन वर्षं धूळ खात पडलेली गाडी कागदावर दोन वर्षांनी तरुण व्हायची. थेट जपानहून आलेल्या गाडीची गंमत आणखी निराळी. तिथल्या जुन्या कागदांवर साल जपानी पद्धतीने, सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे लिहिलेलं असतं. शोवा ४७ म्हणजे १९४७ नव्हे. शोवा सालात १९२५ मिळवायचे, म्हणजे ते झालं १९७२.

दुसरी गोष्ट, लोखंड वाचायचं. हँडलच्या मुळाशी, सांगाड्याच्या मानेवर चेसिस नंबर ठोकलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने तो हलक्या हाताने पुसावा. कानस किंवा पॉलिश पेपर लावू नये, कारण खरवडलेला नंबर दिसला की चोरीचा संशय येतो. पहिल्या सीबी ७५० चे नंबर १००००००१ असे नव्हेत, तर सात आकडी, १०००००१ पासून सुरू होतात. 'के टू' हे १९७२ चं मॉडेल, ते २०००००१ पासून. त्यापुढचं 'के थ्री' २२००००१ पासून. इथे पुष्कळ जण फसतात. सुरुवातीचा २ पाहून ते १९७२ म्हणून मोकळे होतात, पण पुढच्या मॉडेलांचे नंबरही २ नेच सुरू होतात. म्हणून पूर्ण नंबर कंपनीच्या सुट्या भागांच्या पुस्तकातल्या मालिकेशी ताडून पाहावा लागतो.

इंजिनाचा नंबर वेगळा निघाला, तर लगेच घाबरू नये. होंडाने या गाड्यांचे दोन्ही नंबर एकसारखे ठेवलेच नव्हते. ते जवळपासचे असतात. फार अंतर दिसलं, तर मात्र इंजिन बदललेलं असण्याची शक्यता आहे.

तिसरी खूण अमेरिकेत विकलेल्या गाड्यांवर सापडते. मानेवरच्या छोट्या पाटीवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. १९८१ च्या मॉडेलपासून तिथे सतरा अक्षरी नंबर सक्तीचा झाला. त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. बी म्हणजे १९८१, सी म्हणजे १९८२. टायरवरही तारीख असते, पण ती फक्त टायरची. टायर किती वेळा बदलले, ते कोण सांगणार?

भाच्याने फोटो पाठवले. नंबर २२००००० च्या पुढचा होता आणि पाटीवर डिसेंबर १९७२. म्हणजे १९७२ मध्ये बनलेली, १९७३ च्या मॉडेलची, १९७४ मध्ये विकली गेलेली गाडी. तिन्ही सालं आपापल्या जागी खरी होती. खोटं होतं ते फक्त विकणाऱ्याचं १९६९. नंबर पुढे ठेवल्यावर त्यानेही भाव मुकाट्याने उतरवला.

आपल्याकडेही याला महत्त्व आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली असावी लागतात. माझ्या राजदूत ३५० ला लोक सत्तरच्या दशकातली यामाहा म्हणत. तिचा आराखडा होताही १९७५ च्या यामाहा आरडी ३५० बी चा. पण एस्कॉर्ट्सने ती इथे आणली १९८३ मध्ये. त्यामुळे सगळ्यात थोरल्या राजदूत ३५० लाही तो मान २०३३ च्या आधी नाही. आराखडा आजोबांचा असला, म्हणून नातवाचं वय वाढत नाही.

माझी स्वतःची खरी तारीख सांगणारी आई आता नाही, आणि उशिरा आलेल्या पावसाची नोंद कुठल्या दाखल्यावर नाही. गाडीचं तेवढं बरं असतं. तिच्या मानेवरचा नंबर कुणी खरवडला नसेल, तर पन्नास वर्षांनीही तो विचारणाऱ्याला उत्तर देतो.