इलेक्ट्रॉनिक ड्रमला हाताचा जोर कसा कळतो?

रबरी पॅडवर काठी पडली की बाहेर नुसते ‘टप्’ ऐकू येते. हेडफोनमध्ये मात्र खणखणीत ड्रम वाजतो. हलका ठोका हलका, जोराचा ठोका जोराचा. पॅडला हे कळते कसे?

पॅडखाली पिझो नावाची पातळ चकती असते. ती दाबली किंवा थरथरली की वीज निर्माण होते. स्वयंपाकघरातल्या लायटरची ठिणगी याच गुणामुळे पडते. क्युरी बंधूंनी तो १८८० मध्ये शोधला. ठोका जितका जोराचा, तितका विजेचा झटका मोठा. मॉड्यूल नावाची पेटी तो मोजते, त्याला १ ते १२७ मधला आकडा देते आणि त्या जोराला साजेसा आवाज काढते. हे आकडे दुसऱ्या यंत्राला कळवण्याची भाषा म्हणजे १९८३ पासून रूढ झालेली ‘मिडी’.

ड्रम वाजवण्याच्या ‘रॉक बँड’सारख्या व्हिडिओ गेमला मात्र मुख्यतः कोणते पॅड, कोणत्या क्षणी वाजले, एवढेच हवे असते. २००७ च्या पहिल्या गेमसोबत चार पॅड आणि एक पेडल मिळे. त्यावर ताल पक्का होतो, हाताचे वजन शिकायला मिळत नाही. २०१० च्या ‘रॉक बँड ३’साठी आलेल्या अ‍ॅडॉप्टरमुळे मिडीचे खरे ड्रम किटही जोडता येऊ लागले.

म्हणून खेळ आणि वादन दोन्ही हवे असेल, तर मिडी जोडणीचे खरे किट निवडा. आपला गेम ते ओळखतो का, हे आधी तपासा. दुकानात अगदी हलक्या हाताने वाजवून पाहा. तो ठोकाही स्पष्ट उमटला, तरच पैसे मोजा.