जुना ट्रॅक्टर घेण्यापूर्वीं

हट्टा हें हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांतील गांव. या भागांतील जमीन काळी. पावसांत पाय धरून ठेवणारी, उन्हाळ्यांत भेगाळणारी. अशा जमिनींत नांगर ओढणें आणि ऊसतोडीच्या दिवसांत भरलेली ट्रॉली कारखान्यापर्यंत नेणें, हीं कामें ज्या ट्रॅक्टरनें पंचवीस-तीस वर्षें केलीं, त्याचें खरें वय रंगावरून कळत नाहीं. रंग काय, एका दिवसांत नवा होतो! गांवीं शेती असलेल्या शहरांतील कुटुंबांवरही अशा खरेदीचा प्रसंग येतो, आणि वर्षाच्या पिकाचा पैसा एका सहीनें जातो.

यंत्र पाहावयाचें तें थंड असतांनाच. विकणाऱ्यानें गिऱ्हाईक येण्यापूर्वींच इंजिन तापवून ठेवलें असेल, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां जावें. येथें भीड कामाची नाहीं. तापलेलें डिझेल इंजिन सहज सुरू होतें, झिजलेलें इंजिन थंडपणींच आपलें दुखणें सांगतें. सुरू करण्याआधीं तेल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. तेल काळें असणें हा दोष नव्हे, डिझेल इंजिनांत तें लवकर काळें होतेंच; परंतु तें दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे असें समजावें. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर क्षम्य आहे. निळसर धूर टिकून राहिला तर इंजिन तेल जाळीत आहे. तेल ओतण्याचें झांकण काढतांच तेथून धुराचे लोट आले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा दाट संशय घ्यावा. हा खर्च मोठा असतो.

हॅरी फर्ग्युसन यांच्या तीन सांध्यांच्या जोडणीमुळें नांगर ट्रॅक्टरचाच अवयव बनला. तो वर उचलून इंजिन बंद करावें. पाहतां पाहतां खालीं बसला, तर हायड्रॉलिकमध्यें गळती आहे. ऊस वाहिलेल्या ट्रॅक्टरचा क्लच विशेष तपासावा. वरच्या गिअरमध्यें ब्रेक दाबून क्लच हळूहळू सोडल्यास इंजिन बंद पडलें पाहिजे. तें चालूच राहिलें तर क्लच घसरतो. पुढचें चाक जॅकवर उचलून हलवावें, म्हणजे सांध्यांतील ढिलाई हातास लागते.

सुट्या भागांचीही चौकशी हवी. झेटरच्या सहकार्यानें १९७१ सालीं ट्रॅक्टर बनवूं लागलेल्या एच. एम. टी. चा पिंजोर येथील ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला. तो ट्रॅक्टर कितीही दणकट असला, तरी भाग कोठें मिळतात हें आधीं विचारावें.

कागदांत एक स्थानिक गोष्ट आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणींतून निराळा झाला; त्यापूर्वीं येथें नोंदलेल्या ट्रॅक्टरच्या कागदांवर परभणी दिसली तर बिचकूं नये. मात्र इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावा, आणि कर्जाचा बोजा उतरल्याचा बँकेचा दाखला हातीं आल्याशिवाय विसार देऊं नये.